गाडीतला गारवा

आमच्याकडे, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत, उन्हाळा अंगावर घ्यायचा असे. चैत्र उतरणीला लागला की वाड्याच्या पश्चिमेकडील दारांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि दुपारभर त्यांच्यावर पाणी मारण्याचे काम आम्हा मुलांकडे येई. बाहेर लू सुटलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि त्या ओल्या ताट्यांतून आत येणारा वारा मात्र इतका गार व सुगंधी की माझी आजी त्या वाऱ्यात बसून निवांत गोधड्या शिवत असे. घरात विजेचा एक पंखा होता. पण तो बैठकीत, आणि बैठक पाहुण्यांसाठी. माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. स्वतःपुरता पंखा लावून बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाही. कोणी उकाड्याची तक्रार केलीच तर ते म्हणत, "उन्हाळा आहे, उकडणारच." त्यावर बोलण्यासारखे काही उरत नसे.

शिंद्यांच्या दौलतीत दप्तराची कामे करण्यासाठी दक्षिणेतून आलेल्या घराण्यांना काटकसर शिकवावी लागत नाही. इंदूर, देवास, धार, बडोद्याच्या वाचकांना हे मी सांगायला नको. त्यांच्याही घरी एखादे नाना होऊन गेलेच असतील. मी त्याच मुशीतला. त्यात नोकरी लाभली ती राज्य शासनाच्या कोष आणि लेखा विभागात. ३५ वर्षे दुसऱ्यांच्या खर्चावर लाल शाईने खुणा करण्यात गेली. शासकीय जीपगाड्यांची लॉगबुके हा माझा विशेष आवडीचा विषय. इतके किलोमीटर, इतके लिटर, आणि सरासरी कमी पडण्याच्या कारणाचा खुलासा सादर करावा, असे शेरे मी शेकड्यांनी मारले असतील. खुलासे वाचताना मनात थोडा आनंदही होत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

२००८ साली आम्ही छोटी मोटार घेतली. मला एसी नसलेली हवी होती. परंतु तशी हवी असल्यास दोन महिने थांबावे लागेल असे विक्रेत्याने सांगितले, आणि घरात लग्नकार्य तोंडावर होते म्हणून एसीची घेतली. पहिल्या दिवसापासून मी गाडीची वही ठेवली. तारीख, किलोमीटर, लिटर, सरासरी. एसी लावला त्या दिवसाखाली लाल रेघ. पहिला उन्हाळा संपल्यावर हिशेब मांडला तेव्हा लिटरला सतरा किलोमीटर चालणारी गाडी एसी लावल्यावर साडेचौदाच चालते, असे आढळून आले. माझ्या दृष्टीने विषय तेथेच संपला. एसी हा बैठकीतला पंखा झाला. जावईबापू आले, भोपाळहून कोणी वरिष्ठ आले, की लावायचा. एरवी चारी काचा खाली.

पत्नीने यावर कधी हरकत घेतली नाही. उन्हात निघायचे असले की ती एक पंचा भिजवून, पिळून, मानेभोवती घेऊन बसे. तो सुकला की पाण्याच्या बाटलीने पुन्हा ओला करी. मला त्यात काही वावगे दिसले नाही. ताट्यांचीच छोटी आवृत्ती, असे मी एकदा कौतुकाने म्हणालोही होतो. ती हसली होती असे मला आठवते. पण या आठवणीची मी हमी देणार नाही.

मे २०१६मध्ये झाशीला आमच्या आतेभावाच्या नातवाची मुंज होती. ज्या आठवड्यात राजस्थानातील फलोदीला ५१ अंश तापमानाची नोंद झाली, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. ग्वाल्हेर-झाशी अंतर शंभर किलोमीटर. सकाळी सहाला निघालो, नऊच्या आत पोहोचलो, काही त्रास झाला नाही. दुपारची पंगत उठल्यावर यजमान म्हणाले, "ऊन उतरू दे, मग निघा." मला दुसऱ्या दिवशी कार्यालयात बैठक होती आणि तिचे कागद पाहायचे होते. अडीच वाजता आम्ही निघालो.

झाशीहून ग्वाल्हेरला येताना गाडीचे तोंड उत्तरेकडे असते. दुपारचा सूर्य डावीकडे, म्हणजे चालकाच्या शेजारी बसणाऱ्याच्या अंगावर. ही गोष्ट मला नंतर नकाशा पाहताना कळली. आठ वर्षे त्या रस्त्याने मी जात-येत होतो आणि परतीचे सारे ऊन तिच्या बाजूला असते हे मला ठाऊक नव्हते. दुसरी गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. आपल्या त्वचेचे तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असते. बाहेरचा वारा त्याहून थंड असेल तोवर उघडी काच सुख देते. वारा पंचेचाळीस अंशांचा झाला की तोच वारा शरीरात उष्णता भरू लागतो. घाम येतो आणि येताक्षणी वाळतो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले याचा पत्ता लागत नाही. त्यात तिला रक्तदाबासाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू होती. सकाळी आठवणीने ती गोळी मीच तिला दिली होती.

दतिया मागे पडले. सोनागिरच्या टेकडीवरील पांढरी जैन मंदिरे दूरवर दिसू लागली तेव्हा ती म्हणाली, "अहो, जरा एसी लावता का?"

आठ वर्षांत पहिल्यांदा. मी काचा वर घेतल्या आणि बटण दाबले. बटणावरचा हिरवा दिवा लागला. वारा येऊ लागला, तोही जोरात. पण तो बाहेरच्या वाऱ्याहूनही गरम होता. गाडीचा एसी सुरू होताना इंजिनाच्या बाजूने टक् असा एक बारीक आवाज येतो आणि इंजिन क्षणभर दबल्यासारखे होते. तो आवाज आला नाही. बटण बंद केले, पुन्हा दाबले. दिवा लागला, आवाज नाही. होळीच्या सुमारास मी एकदा लावून पाहिला होता, तेव्हा बऱ्यापैकी गार वाटले होते. म्हणून एप्रिलमध्ये गाडी कार्यशाळेत नेण्याचा खर्च मी त्या वर्षी वाचवला होता. मार्चमधल्या गारव्यावर मेचा भरवसा ठेवला, एवढाच त्याचा अर्थ. दोन मिनिटांनी काचा पुन्हा खाली घेतल्या.

ती काही बोलली नाही. मीही नाही. आणखी सातआठ किलोमीटर गेल्यावर ती एकदम म्हणाली, "दार लावून घ्या, दिवेलागण झाली." घड्याळात साडेतीन वाजायचे होते. मी तिच्याकडे पाहिले. चेहरा लाल झाला होता आणि कपाळावर घामाचा थेंब नव्हता. हात लावला तर तव्यासारखा गरम. "अगं, पाणी पी," म्हणालो, तर तिने बाटली हातात घेतली आणि तशीच मांडीवर धरून बसली.

रस्त्याकडेला एक ढाबा दिसला. तेथील माणसांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी खाट कूलरसमोर ओढली, माठातले पाणी तिच्या अंगावर ओतले, शीतपेयांच्या पेटीतला बर्फ फडक्यात बांधून काखेत आणि मानेशी ठेवला. हे सारे त्यांनी न विचारता केले. लूचे रोगी त्यांनी पाहिलेले असणार. थोडी शुद्ध आल्यासारखी वाटल्यावर त्यांच्यातलाच एक जण रस्ता दाखवायला गाडीत बसला आणि आम्ही डबऱ्याच्या एका दवाखान्यात पोहोचलो. सलाईन लावून झाल्यावर तरुण डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "गाड़ी में एसी नहीं है क्या?"

"है," मी म्हणालो.

त्यांनी पुढे काही विचारले नाही. माझ्या नोकरीच्या साऱ्या आयुष्यात इतका तोकडा खुलासा मी कोणाकडून मान्य केला नव्हता.

दोन दिवसांनी तिला घरी आणले. त्या रात्री सवयीने वही उघडली. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. एसीशिवाय बारा लिटर, एसी लावून चौदा लिटर. फरक दोन लिटरांचा. तेव्हाच्या भावाने सव्वाशे-दीडशे रुपये. दवाखान्याचे बिल कोणत्या रकान्यात घालावे हे सुचेना. वही मिटून ठेवली.

यानंतर जे झाले ते प्रायश्चित्त म्हणावे की पुन्हा तीच लेखापालाची खोड, हे माझे मलाच ठरवता येत नाही. एसी ही काय वस्तू आहे हे समजून घ्यायचे मी ठरवले. २०१२पासून चार वर्षे, दर एप्रिलमध्ये, मी गाडी एका मोठ्या कार्यशाळेत नेत असे. तेथे सांगत, "गैस कम है," आणि वायू भरून पावती देत. चार वर्षांच्या चार पावत्या मी जपून ठेवल्या होत्या. जून २०१६मध्ये त्या घेऊन हजीऱ्याच्या बाजूला एका टपरीवजा दुकानात गेलो. तेथील मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी पावत्या पाहिल्या आणि म्हणाले, "साहब, गैस कोई पेट्रोल थोड़े ही है जो जल जाए। ख़तम नहीं होती, निकल जाती है।"

एसीतला वायू खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. गाडीच्या आयुष्यात फार तर किंचित कमी व्हावा. दर वर्षी कमी होत असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. हे मला कोणी सांगावे? दर वर्षी तेवढीच रक्कम त्याच बाबीखाली खर्ची पडत आहे, कारण काय, असे मी तहसीलदारांना विचारत आलो होतो. माझ्या खिशातल्या चार पावत्यांवर तो शेरा मारायचे मला सुचले नाही. त्या कार्यशाळेने सांगितले नाही हा त्यांचा दोष खराच. पण मी विचारले नाही हाही आहेच.

गळती कोठे, हे उस्तादांनी नळ्यांत दाब भरून आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून शोधले. कॉम्प्रेसरच्या दांड्याशी बुडबुडे आले. मग त्यांनी विचारले, "चलाते नहीं हो क्या?" कॉम्प्रेसरला लागणारे तेल त्या वायूबरोबरच नळ्यांतून फिरते. एसी चालला की तेल फिरते आणि रबराची सीलबंद कडी ओली राहते. महिनोन्‌महिने तो चाललाच नाही तर कडी सुकते, आकसते, आणि वायूला वाट मिळते. म्हणून थंडीतही आठवड्यातून एकदा पाचदहा मिनिटे एसी चालवावा. वायू ठरावीक मर्यादेखाली गेला की दाबाची कळ कॉम्प्रेसरला सुरूच होऊ देत नाही. त्या दिवशी टक् हा आवाज आला नाही तो यामुळे. म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी मी एसी बंद ठेवला, बंद ठेवल्यामुळे वायू गळला, आणि गळाल्यामुळे सोनागिरपाशी बटण दाबल्यावर त्यातून लू आली. वजाबाकी कोठून सुरू झाली होती हे तेथे, त्या टपरीतल्या लोखंडी स्टुलावर बसून मला कळले.

या वायूविषयी पुढे मी वाचलेही. पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ नावाचा वायू असे. पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला तो घातक ठरल्याने १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो मागे पडला आणि आर-१३४ए आला. तो ओझोनला त्रास देत नाही; परंतु हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट भारी आहे. आमच्या गाडीत तो सुमारे चारशे ग्रॅम मावतो. हिशेब करून पाहिला. तेवढा वायू निसटला की पावणेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर साधारण २.३ किलो निघतो. तेव्हा एकदा पूर्ण गळालेला वायू म्हणजे अडीचशे लिटर पेट्रोल. एवढे पेट्रोल वाचवायला मला एसीविना पंचवीस हजार किलोमीटर गाडी चालवावी लागली असती. वायू चार वेळा भरला होता, दर खेपेला संपूर्ण नसेल, पण ही बेरीज मी पुढे नेली नाही.

एसी थंडी निर्माण करतो अशी माझी समजूत होती. बहुतेकांची असावी. प्रत्यक्षात तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि त्याची युक्ती आमच्या ताट्यांहून फार वेगळी नाही. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते, म्हणून ताटीतून येणारा वारा गार. एसीतला द्रव तर उणे सव्वीस अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या मागे एक जाळीदार नळकोंडाळे असते, त्यात तो द्रव उकळून वायू होतो आणि गाडीतली उष्णता पिऊन घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून तापवतो, रेडिएटरच्या पुढल्या जाळीत तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो, आणि फेरा नव्याने सुरू. ताटीचे पाणी उडून जाते म्हणून मुलांना पुन्हा पुन्हा मारावे लागते. येथे तेच पाणी परत परत वापरायची सोय आहे, इतकेच. काटकसरी माणसाला आवडावे असे हे यंत्र आहे.

जुन्या अमेरिकन गाड्यांची एक हकीकत वाचून मात्र मला नानांची फार आठवण झाली. पॅकार्ड कंपनीने १९४०च्या आपल्या गाड्यांत कारखान्यातच बसवलेला एसी पहिल्यांदा विकायला आणला. तो मागच्या डिकीत असे आणि बंद करायला बटण नव्हते. थंडी नको असेल तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून, कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवायचा. नानांना ही रचना पसंत पडली असती. पट्टा कपाटात, किल्ली जानव्याला.

उस्तादांनी डॅशबोर्ड उघडून आतले कोंडाळे दाखवले तेव्हा मला शरम वाटली. आमच्या गाडीत हवा गाळणाऱ्या फिल्टरला जागा होती, पण फिल्टर बसवलेलाच नव्हता. त्या काळच्या स्वस्त गाड्यांत पुष्कळदा असेच असे. आठ वर्षांची ग्वाल्हेरची धूळ, पिंपळपानांचा चुरा आणि केस यांचा त्या जाळीवर नमदा जमला होता. गाडीत बसताच येणारा तो ओलसर कुबट वास, ज्याला मी नव्या गाडीचा जुना झालेला वास समजत होतो, तो तेथून येत होता. जाळी साफ करून फिल्टर बसवला. आता तो मी स्वतः डावीकडच्या कप्प्यामागून काढतो, झटकतो आणि वर्षातून एकदा बदलतो; त्यासाठी स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. पुढली जाळी लूच्या दिवसांत धुळीने भरते, ती हलक्या धारेने धुवावी. जोराची धार मारली तर पातळ पत्रे वाकतात, हे मी एकदा वाकवून शिकलो.

वायू भरण्यापूर्वी पंपाने नळ्यांतली सगळी हवा आणि ओल ओढून काढावी लागते, किमान अर्धा तास. ओल राहिली तर ती आत गोठते किंवा तेलाशी मिळून नळ्या खाते. वायू अंदाजाने न भरता तोलून भरावा. किती ग्रॅम, हे बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर छापलेले असते. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. आजही कोठे वायू भरायला गेलो तर मी आधी ती पट्टी दाखवतो आणि मग घड्याळ पाहतो. काही ठिकाणी त्यामुळे मला विक्षिप्त समजतात.

वापरण्यातही शिकण्यासारखे होते. उन्हात उभ्या गाडीत बसल्याबरोबर एसी लावून काचा बंद करणे चूक. आतली हवा बाहेरच्यापेक्षा पंधरावीस अंशांनी तापलेली असते. काचा उघड्या ठेवून मिनिटभर गाडी चालवली की ती आयती निघून जाते. मग काचा बंद, आणि आतलीच हवा फिरवण्याची कळ दाबायची, म्हणजे बाहेरची लू गार करत बसावे लागत नाही. घर जवळ आले की दोनतीन मिनिटे आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा. कोंडाळे सुकते, बुरशीचा वास येत नाही.

मात्र ती आतली हवा फिरवण्याची कळ मला एकदा चांगली भोवली असती. २०१८मध्ये आम्ही मुलीकडे इंदूरला निघालो होतो. जवळजवळ पाचशे किलोमीटरांचा रस्ता. मागे मेहुणे आणि वहिनी, पुढे आम्ही दोघे. शिवपुरीपासून ती कळ दाबलेली. गुना सोडल्यावर डोके जड झाले, डोळे मिटू लागले. जेवण नीट झाले होते, झोपही झाली होती. पत्नी म्हणाली, "तुम्ही तिसऱ्यांदा पांढरी रेघ ओलांडलीत." गाडी बाजूला घेऊन दारे उघडली आणि पाच मिनिटांत मी टवटवीत. बंद गाडीत चार माणसे श्वास सोडत असली की कार्बन डायऑक्साइड साचतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. असा कोंडमारा केला तर अर्ध्या तासात काही हजारांवर जातो. गुंगी त्याचीच. तेव्हापासून आमचा रिवाज असा की गाडी गार झाली की दर पंधरावीस मिनिटांनी थोडा वेळ बाहेरची हवा घ्यायची. कळ दाबण्याचे काम तिच्याकडे आहे. मला आठवणीची खात्री नाही, आणि त्या दिवसानंतर तिलाही माझी नाही.

एसी चालू ठेवून बंद गॅरेजमध्ये किंवा उभ्या गाडीत झोपणारे लोक आहेत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता आत शिरतो. त्यातून काही जण उठत नाहीत. तसेच, "दोन मिनिटांत येतो" म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवणारे. उन्हात दहा मिनिटांत गाडी दहा अंशांनी तापते. यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

पावसाळ्यातला आणि थंडीतला उपयोग मला अगदी उशिरा कळला. एसी हवेतली ओल काढून घेतो, म्हणून काचेवर आतून धरलेले धुके मिनिटभरात निघते. ग्वाल्हेरच्या जानेवारीतल्या धुक्यात मी वर्षानुवर्षे एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने फडके धरून गाडी चालवली. काढून घेतलेली ती ओल गाडीखाली थेंबथेंब गळते. शेजारचे जोशीबुवा एकदा धावत सांगायला आले की तुमचा रेडिएटर फुटला. मी त्यांना ते पाणी बोट लावून दाखवले, सगळा सिद्धांत समजावला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "तरी एकदा दाखवून घ्या."

२०१७मध्ये मी निवृत्त झालो. गाडी तीच आहे. २०२३मध्ये पंधरा वर्षे झाली तेव्हा नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले. मुलगी नवी घ्या म्हणून मागे लागली आहे. नव्या गाड्यांत तापमानाचा आकडा लावला की बाकी सगळे आपोआप होते, असे ती सांगते. बघू.

वही चालूच आहे. पेट्रोल, किलोमीटर, सरासरी हे रकाने तसेच, फक्त लाल रेघ गेली आणि एसी किती मिनिटे चालला याचा रकाना आला. तो रकाना ती भरते. थंडीत रविवारी सकाळी, कडीला तेल मिळावे म्हणून, मी दहा मिनिटे एसी लावून गाडी बाड्यापर्यंत फिरवून आणतो. गेल्या जानेवारीत बाहेर सात अंश होते. ती शाल, स्वेटर, पायमोजे अशा जय्यत तयारीने शेजारी बसली होती, मांडीवर वही. मी बटण दाबले. टक् आवाज आला. तिने घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि म्हणाली, "अहो, पंखा तरी एकावर करा, दात वाजतायत." मी म्हटले, पाच मिनिटे राहिली आहेत. ती म्हणाली, "सहा," आणि शाल कानांवर ओढून घेतली.